साडेपाचची बस कोणी आणली?

*प्रिय ताई,*

*मी अमरावती जिल्ह्यात खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यात राहते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी चार एकर कोरडवाहू. बाबा शेती करतात, आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला, वेचायला जाते. मला पुढे बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी. करायची आहे. आमच्या सरांनी एका शिष्यवृत्तीची माहिती दिली. ती नुसत्या मार्कांवर नाही, ‘विद्यार्थी नेतृत्वा’साठी आहे. सगळा खर्च देतात, पण देशभरातून थोड्याच जणांना. तुम्ही कुठे नेतृत्व केलं ते 500 शब्दांत लिहायचं, शिकून पुढे काय करणार ते 300 शब्दांत. दोन शिफारसपत्रं, मग इंग्रजीतून मुलाखत. मी कधी सीआर (वर्गप्रतिनिधी) नव्हते, आमच्या कॉलेजात निवडणूकच होत नाही. वक्तृत्वात बक्षीस नाही. एन.एस.एस.ला दोन वर्षं होते, तेवढं प्रमाणपत्र आहे. एकदा आम्ही मुलींनी मिळून बसची वेळ बदलून घेतली होती, पण त्याला काही नेतृत्व म्हणत नाहीत. मैत्रीण म्हणते, हे शहरातल्या पोरांचं काम आहे, भरून फायदा नाही. भरू का नको? भरायचा तर लिहू काय?*

*— एक वाचक*

बाई माझे, पाहुणे आले की आपण फाटकी सतरंजी पलंगाखाली सरकवतो ना, तसं तू तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य सरकवून ठेवलं आहेस. ‘एकदा आम्ही मुलींनी मिळून बसची वेळ बदलून घेतली होती.’ मी तिथेच थांबले. पुढचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

म्हणून मी तुला उलट मेल करून सहा प्रश्न विचारले. बस आधी किती वाजता होती? ती बदलावी असं आधी कोणाच्या डोक्यात आलं? नाही कोण म्हणालं? त्यावर तू काय केलंस? किती जणींना उपयोग झाला? आणि कोणाचं नुकसान झालं का? तुझं उत्तर दोन दिवसांनी आलं, मोबाईलवर टाईप केलेलं, अस्सल वऱ्हाडीत आणि पत्राच्या तिप्पट लांब. त्यातलं थोडं तुझ्या परवानगीने इथे सांगते, कारण तुझ्यासारख्या पुष्कळ मुली हे वाचत असणार.

शेवटची बस पावणेपाचला सुटायची आणि प्रॅक्टिकल संपायचं पाचला. म्हणजे एक तर प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायचं, नाहीतर काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत यायचं आणि तिथून तीन किलोमीटर पायी. दोघींच्या घरचे म्हणायला लागले होते, ‘राहू दे आता कॉलेज.’ तू जुलैत आगार व्यवस्थापकांना अर्ज दिलास, त्याची पोच घेतलीस. दीड महिना काही झालं नाही. पुन्हा गेलीस तेव्हा उत्तर मिळालं की पासवाल्या पोरींवर गाडी चालत नाही, भारमान पाहावं लागतं. इथे बहुतेक जण घरी येऊन बसले असते. तू लिहितेस, “मले भारमान म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मंग मी कंडक्टर काकांले विचारलं.” कंडक्टर काकांनी सांगितलं की गाडीत जागा किती, भरल्या किती, त्यावर फेरीचं गणित बसतं. त्यानंतर तू बारा दिवस रोज पावणेपाच ते सहा स्टँडवर वही घेऊन बसलीस. पावणेपाचनंतर आपल्या रस्त्याला जाणारं कोण कोण काळीपिवळीत बसतं ते लिहीत गेलीस. चार गावांच्या 23 मुली निघाल्या. त्यांच्याशिवाय रोज सरासरी 31 माणसं तिकीट काढून जाणारी होती, बाजाराची, दवाखान्याची, कामावरून परतणारी. त्यांत निम्म्याहून जास्त बाया. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, तेव्हा बस असली तर त्या काळीपिवळीत कशाला बसतील, हा मुद्दा तू दुसऱ्या अर्जात घातलास. (हे वाचून मी खुर्चीतून उठले. खरंच.) तीन ग्रामपंचायतींचे ठराव जोडलेस. चौथ्या गावच्या सरपंचांनी ठराव द्यायला नकार दिला, कारण त्यांच्या गावची शाळेची पोरं साडेचारला सुटून त्याच पावणेपाचच्या बसने येत. शाळेच्या मुलींना सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस होती. मुलांना नव्हती. सप्टेंबरअखेर बस साडेपाचची झाली आणि आजही धावते.

आता मला सांग, ‘आम्ही मुलींनी मिळून वेळ बदलून घेतली’ या वाक्यात तू कुठे आहेस? मी शोधली, मला सापडली नाहीस.

यात तुझा दोष नाही. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणाऱ्या पोरीला लोक शहाणी समजतात, आणि शहाणी हा शब्द आपण कोणत्या सुरात म्हणतो ते तुला माहीत आहे. म्हणून मग सगळं ‘आम्ही’. पण निवड करणारा माणूस ‘आम्ही’ला शिष्यवृत्ती देऊ शकत नाही. त्याला एकच नाव लिहायचं असतं. तेव्हा एक कागद घे, मध्ये उभी रेघ मार. डावीकडे आम्ही काय केलं, उजवीकडे मी काय केलं. सह्या गोळा केल्या: आम्ही. भारमानाचा अर्थ विचारला: मी. वही: मी. ठरावासाठी सरपंचांकडे गेलो: दोघी. अर्जाचा मजकूर: मी. हे जसं आहे तसं निबंधात यायला पाहिजे. मैत्रिणीचं श्रेय गिळू नकोस, पण तुझंही दुसऱ्याच्या पदरात टाकू नकोस. सरपंचांनी मदत केली असं तू पहिल्या पत्रात लिहिलं असतंस तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की बस सरपंचांनीच आणली.

सीआर नसण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात थांबल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा आणायची तरतूद झाली, पण तुझ्या कॉलेजात त्या होत नाहीत तर तू पद आणणार कुठून? समितीवरच्या माणसांनाही हे ठाऊक असतं. आणि एक सांगते, मी स्वतः काही वर्षं अशा एका निवड समितीवर बसले आहे. पदांची यादी आम्ही नजरेने चाळायचो. पद मिळालं हे कळायचं, पण पदावर बसून काय केलं ते त्या यादीतून कधी कळत नव्हतं. ज्याच्या हातात पद नाही, शिक्का नाही, लेटरहेड नाही, तरी चार माणसं त्याच्या म्हणण्याने हलली, असा कोणी सापडला की टेबलाभोवतीचे सगळे तो अर्ज मागून घ्यायचे.

आता लिहायचं कसं. मला वाटतं आपल्या मुलामुलींची खरी अडचण ‘अर्ज’ या शब्दातच आहे. अर्ज म्हटलं की आपल्या हाताला तहसीलचं वळण लागलेलं असतं. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की, मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील मुलगी असून… तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.’ शाळेपासून आपण एवढंच लिहायला शिकलो. तो अर्ज मागण्याचा आहे. तिथे गरज जितकी मोठी तितकं बरं. हा अर्ज दाखवण्याचा आहे. माझंच सांगते. 1998 साली मी एका शिष्यवृत्तीला लिहिलं होतं. पहिलं पान भरून घरची परिस्थिती, दुसऱ्या पानावर ‘संधी दिल्यास मी तिचं सोनं करीन’. मुलाखतीला बोलावलं, कारण मार्क चांगले होते. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “तुम्ही आजवर काय केलंत ते यात दिसलं नाही, कुठल्या पानावर आहे?” मी पान उलटून पाहिलं. खरोखर पाहिलं, जणू कुठेतरी असेलच. शिष्यवृत्ती मिळाली नाही हे सांगायला नको.

तुझ्या निबंधाचं पहिलं वाक्य तू मला आधीच लिहून पाठवलं आहेस, फक्त तुला ते कळलेलं नाही: ‘मागच्या वर्षी मी बारा दिवस रोज पावणेपाच ते सहा बसस्टँडवर वही घेऊन बसले.’ इथून सुरुवात कर. वाचणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो, का बसली बाई? मग बस, प्रॅक्टिकल, फाटा, तीन किलोमीटर, हे सगळं सत्तर-ऐंशी शब्दांत उरक. पुढचे सगळे शब्द या गोष्टीवर खर्च कर की पहिला अर्ज फसला तेव्हा तुला काय कळलं आणि तू दुसरा कसा वेगळा केलास. तुझ्या कथेचा जीव तिथे आहे. पहिल्या अर्जात तू तुमची अडचण मांडली होतीस. दुसऱ्या अर्जात तू त्यांची अडचण सोडवून दिलीस. भारमान ही त्यांची अडचण होती ना? हे तू जाणूनबुजून केलंस का आपोआप झालं, ते मला माहीत नाही. तुझं तुलाच विचार, आणि जे खरं असेल ते लिही.

आणि ती शाळेची मुलं. माझ्या सहाव्या प्रश्नाला तू लिहिलंस, “ते पोट्टे आता पाऊण-एक घंटा शाळेतच बसून राह्यतात. मी हेडसरांले वाचनालय उघडं ठेवा म्हटलं, त्यायनं दोन महिने ठेवलं, मंग बंद पडलं. हे लिहू नोको ना ताई?” लिही. हेच लिही. पाचशेत साठ-सत्तर शब्द याला राखून ठेव. मी वाचलेल्या अर्जांपैकी फार थोड्यांत असं होतं की माझ्या कामाने कोणाची तरी गैरसोय झाली, मला ती दिसली, मी प्रयत्न केला आणि तो अर्धवट राहिला. सगळ्यांचे सगळे उपक्रम यशस्वीच झालेले असतात. झाड लावलं, जगलं. शिबिर घेतलं, गाव सुधारलं. विश्वास कसा ठेवायचा?

याच ओघात एन.एस.एस.चं बोलून टाकते. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, हे लाखो मुलांकडे असतं. प्रमाणपत्र जोड, पण निबंधात त्याला जागा देऊ नकोस. अपवाद एकच, शिबिरात एखादी गोष्ट तू स्वतः उभी केली असशील तर. हातात खराटा धरलेला गटाचा फोटो तर नकोच. तुझं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे ते गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारून विचारून बोलतं करायचे. आपण खराटा तेवढा उचलला, प्रश्न विचारायचं राहिलं. तू कंडक्टरला विचारलंस, म्हणून तुझी गाडी पुढे गेली.

गरिबीचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ‘चार एकर कोरडवाहू, आई मजुरीला जाते.’ झालं, एवढं एक वाक्य. त्याच्यावर विशेषणं चढवू नकोस. विदर्भातून येणाऱ्या अर्जांत पहिल्याच ओळीला ‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द टाकायची एक रीत पडली आहे. ज्या घरात ते घडलं त्या घरच्या लेकराने लिहावं, त्याचा तो हक्क आहे. तुझ्या घरी घडलेलं नाही, तर दुसऱ्याचं दुःख आपल्या फॉर्मला वापरू नकोस.

तीनशे शब्दांचा दुसरा प्रश्न, ‘पुढे काय करणार’, त्याला बहुतेक जण ‘गावाचा विकास करीन’ असं उत्तर देतात. मग एखादा ‘आयएएस होऊन’ जोडतो. तू रसायनशास्त्राची मुलगी आहेस आणि खारपाणपट्ट्यात राहतेस. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला हा पट्टा आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. विहीर खोदूनही ओलीत नाही, पिण्याचं पाणी नळयोजनेने लांबून येतं. तुला एम.एस्सी. कशात करायची ते तू सांगितलं नाहीस. पाण्यात किंवा पर्यावरणात करायची असेल तर तुझ्या घरच्या हंड्यापासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट सरळ आहे, ती लिही. औषधनिर्मितीत जायचं असेल तर खाऱ्या पाण्याला ओढूनताणून आणू नकोस, मुलाखतीत दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. कुठला विषय, तिथे काय शिकायला मिळणार जे इथे मिळत नाही, आणि परत आल्यावर पहिल्या वर्षी कुठल्या कामाला हात घालशील, इतकं नेमकं सांग. दहा वर्षांनी काय होणार ते तुझ्या-माझ्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

‘मग इंग्रजीतून मुलाखत’ असं लिहितेस, त्यात भाषेची भीती दिसते. माझं ऐकशील तर पहिला मसुदा इंग्रजीत लिहूच नकोस. मला मेल लिहिलास तसा वऱ्हाडीत लिही, किंवा आईला सांग आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. आई जिथे “मंग काय झालं?” विचारेल ती जागा चांगली. आई जिथे उठून चुलीकडे जाईल ती जागा काप. त्यानंतर इंग्रजीत आण, बारक्या बारक्या वाक्यांत. ‘पॅशनेट’, ‘एम्पॉवर’, ‘चेंजमेकर’ हे शब्द सापडले की खोड. कलामांचं अवतरण सुरुवातीला टाकलं असशील तर तेही. चॅटजीपीटीकडून व्याकरण तपासून घे, त्यात गैर काही नाही, मात्र शिष्यवृत्तीच्या नियमांत त्याबद्दल काही लिहिलंय का ते आधी वाच. पण निबंध त्याला लिहायला सांगितलास तर वही जाईल, फाटा जाईल, कंडक्टर काका जातील आणि त्यांच्या जागी ‘समाजातील विविध घटकांशी संवाद’ येऊन बसेल. तसे अर्ज एकावर एक रचलेले असतात. कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमना एकदा दाखव. तीन-चार जणांना दाखवू नकोस, प्रत्येक जण एकेक वाक्य बदलेल आणि शेवटी ते कोणाचंच राहणार नाही.

शिफारसपत्रं. इथे आपली मुलं सगळ्यात जास्त मार खातात. पहिली चूक म्हणजे मोठं नाव शोधणं. आमदारांच्या लेटरहेडवर ‘सदर विद्यार्थिनीस मी व्यक्तिशः ओळखतो’ असं आलं की वाचणारा हसतो. तुला ओळखणारी दोन माणसं शोध. एक, प्रॅक्टिकल घेणारे सर. तुम्ही पळत होता तेव्हा गैरहजेरी त्यांनीच मांडली असणार, म्हणजे बस बदलल्याने वर्गात काय फरक पडला ते त्यांच्याइतकं कोण सांगेल? दुसरे एन.एस.एस.चे कार्यक्रम अधिकारी, त्यांनी तुला काम करताना खरंच पाहिलं असेल तर. सर म्हणतील, “तूच लिहून आण, मी सही करतो.” हे शंभर टक्के होणार. तू लिहू नकोस. उद्धटपणाही करू नकोस. म्हण, “सर, तुमच्या शब्दांत पाहिजे असं त्यांनी लिहिलंय, मी मुद्दे आणून देते.” आणि एका पानावर तारखा, आकडे, त्यांच्यासमोर घडलेले दोन प्रसंग लिहून दे. बऱ्याच ठिकाणी पत्राची लिंक थेट सरांच्या ईमेलवर जाते, आणि सर तो ईमेल महिन्यातून एकदा उघडतात. महिनाभर आधी सांग, आठवड्याने आठवण कर, आणि लिंक आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन त्यांच्या मोबाईलवर ती उघडून दे. लाजू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण तुझे सर सांगतीलच. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटं. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे असतंच. आजच सगळे कागद शेजारी ठेवून पाहा, कारण दुरुस्तीला आठवडे जातात. उत्पन्नाचा दाखला या आर्थिक वर्षाचा आहे ना ते बघ. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत उतारा, लागणार असेल तर आधी तिकडे अर्ज टाक, मग निबंधाला बस.

आणि फॉर्म नेट कॅफेत भरणार असशील तर ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचाच टाक. कॅफेवाला दादा घाईत त्याचा टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे, मुलाखतीचं बोलावणं त्याच्याकडे, आणि तो गेलेला असतो लग्नाला. असं होऊन मुलाखत हुकलेली एक मुलगी मी पाहिली आहे, म्हणून एवढं बजावते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. हे फॉर्म कित्येकदा ऐन सोयाबीन सोंगणीत नाहीतर वेचणीत संपतात. घरी आत्ताच सांगून ठेव की अमुक दोन दिवस मी वावरात येणार नाही. आई ऐकेल. तिला कशासाठी ते सांग.

मुलाखतीचं बोलावणं आलं तर मला पुन्हा लिही, तेव्हा सविस्तर बोलू. आत्ता दोनच गोष्टी. ऑनलाइन असली तर घरून देऊ नकोस, रेंज आणि लाईट दोन्ही ऐनवेळी दगा देतात. तालुक्याला कोणाची तरी शांत खोली बघ, आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथून कोणाला तरी व्हिडिओ कॉल करून पाहा. दुसरं, उत्तरं पाठ करू नकोस. पाठ केलेल्याला मध्येच टोकलं की तो पहिल्यापासून सुरू करतो, आम्हाला लगेच कळायचं. ते विचारणारच, ‘तीन ग्रामपंचायतींनी ठराव दिले, चौथीने का नाही दिला?’ तेव्हा तुला पाठ केलेलं काही लागणार नाही, तू तिथे होतीस. प्रश्न नाही कळला तर पुन्हा विचारा म्हणायचं. सावकाश बोललं तर चालतं.

राहिला तुझा पहिला प्रश्न, भरू का नको. भर. मिळेलच असं मी म्हणणार नाही. थोड्या जागा आणि देशभरातले अर्ज, त्यात तुझ्याइतकीच चांगली मुलं बाहेर राहतात आणि त्याचं कारण कोणी सांगत नाही. म्हणून याच एका फांदीवर झोका बांधू नकोस. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचं नूतनीकरण, त्या विद्यापीठाची स्वतःची फीमाफी, तुझ्या प्रवर्गासाठी शासनाच्या योजना असतील तर त्या, हे सगळं बरोबरीने चालू दे. तुझा निबंध वाया जात नाही. हाच मजकूर थोडा फिरवून पुढच्या चार ठिकाणी चालतो. मैत्रिणीला सांग की बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्याचा राजू केंद्रे 2021 मध्ये चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेला. तोही शेतकऱ्याच्या घरचा, आणि त्याने सुरू केलेली एकलव्य ही संस्था आपल्याच भागातल्या, घरात पहिल्यांदा कॉलेज पाहणाऱ्या मुलांना प्रवेशासाठी, अर्जांसाठी मदत करते. त्यांच्या कार्यशाळा बघ. चेव्हनिंग तुला आत्ता लागू नाही, त्याला पदवीनंतर 2,800 तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पण तिथेही नेतृत्वावर लिहावं लागतं, आणि तोवर तुझ्याकडे बसशिवाय आणखी काहीतरी असेल.

एक राहिलं. तू लिहिलंस की ती वही ‘घरी कुठंतरी असन’. फडताळात पाहा, धान्याच्या कोठीवर पाहा, भावाने तिची पानं फाडून हिशेब मांडलेत का ते पाहा. सापडली की प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव आणि मला कळव.

— ताई